देव पाण्यात असताना

१

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला बोलावणं आलं म्हणून मी गुरुपादप्पांच्या अंगणात शिरलो, तेव्हा ते पावसाचं पाणी धरायला भांडी मांडत होते. पातेली, परात, कळशी, धान्य मोजायचं मापसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. ऊन नुसतं भाजत होतं आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"चन्नबसप्पा, धर की," ते मला म्हणाले आणि हवेतून काहीतरी ओंजळीत झेललं. "किती दिवसांनी आला बघ. लई मोठे थेंब हायत."

मी त्यांचा हात धरला. कातडी तापलेली, कोरडी ठाक; एवढ्या उन्हात घामाचा टिपूस नाही. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या पसरलेल्या की डोळ्यांचा मूळ रंग दिसेना. नाडीवर बोट ठेवलं. त्याच दिवशी सकाळी मी ती मोजली होती, बहात्तर. आता एकशे साठच्या पुढं मला मोजताच येईना.

मी लोणकुंट्याच्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर, मूळचा देगलूरचा. उदगीर-देगलूर रस्त्यावरचं हे गाव. गुरुपादप्पा तिथले आडत व्यापारी, वय अडुसष्ट. हृदय आधीच थकलेलं, म्हणून रोज एक गोळी माझ्याकडून चालू होती आणि दर सोमवारी सकाळी मी घरी जाऊन नाडी बघत होतो. उपचारापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या, हे कबूल करायला हवं.

हा धोतरा होता, यात मला शंका नव्हती. लोक म्हणतात धोतऱ्यानं माणसाला वेड लागतं, नाही ते दिसतं. ते खरंच आहे, पण माणूस मरतो तो दिसण्यानं नाही. आपल्या हृदयाला एक कासरा बांधलेला असतो, तो त्याला उधळू देत नाही. धोतरा तो कासराच सोडतो. जवान हृदय दोन दिवस धावून परत ठिकाणावर येतं. म्हाताऱ्याचं येत नाही.

याचा उतारा पुस्तकात आहे. माझ्या दवाखान्याच्या कपाटात नव्हता. मी ओली फडकी ठेवली, ती ओली करायला घरात अर्धी कळशी पाणी होतं, ते संपलं. गुरुपादप्पा खाटेवर पडल्या पडल्या थेंब झेलत राहिले आणि दिवस मावळायच्या आत त्यांचं हृदय थांबलं.

श्रावणी सोमवार होता, त्यांचा कडक उपवास. पोटात अन्नाचा कण नसलेल्या माणसाच्या पोटात धोतरा गेला कसा?

२

अमृतराव फौजदार कंदील लावायच्या वेळेला आले. माणूस वाईट नाही, पण घाईचा. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. निम्मे कागद जुन्या जिल्ह्याला जात, निम्मे नव्याला, आणि अमृतरावांचा सगळा जीव कागद योग्य दिशेला लावण्यात जाई.

घरात माणसं तीनच. म्हाताऱ्याची बायको रत्नम्मा, सून शांतम्मा आणि आडतीचं काम बघणारा पुतण्या बसलिंगप्पा. मुलगा मन्मथ नांदेडला मास्तर होता. त्याला निरोप गेला होता.

"आज मालकांनी काय खाल्लं-प्यायलं?" अमृतरावांनी विचारलं.

रत्नम्मा भिंतीला टेकून बसली होती. "काय न्हाई," ती म्हणाली. "उपास हाय त्यांचा."

"एक कप कोरा चहा," शांतम्मा आपणहून म्हणाली. "अकरा वाजता म्याच दिला. मग टँकरच्या लायनीत जाऊन उभारले. टँकर न्हाईच आला. शुक्रवारपासून आला न्हाई."

बसलिंगप्पा खाकरला. तो दुपारभर उदगीरच्या बाजारात होता आणि तसे चार साक्षीदार त्याच्याकडे होते. "साहेब, बोलू नये, पण काका मन्मथचं दुसरं लगीन करायचं म्हणत होते. हिला लेकरू न्हाई. परवाच लई कडाक्याचं झालं दोघांचं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हिच्या पेटीत धोतरा असतो, सगळ्या घराला मालूम हाय."

पेटी उघडली. लुगड्यांखाली कागदाच्या पुडीत धोतऱ्याची वाळलेली पानं निघाली. शांतम्माला दमा होता. आमच्याकडे दमेकरी धोतऱ्याचं पान चिलमीत घालून धूर ओढतात, त्यानं छाती मोकळी होते. मी हे अमृतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "हाव ना डॉक्टर, पण धोतरा तो धोतराच."

पंचनामा होईपर्यंत मी पाणी मागायला देवघराच्या दाराशी गेलो, कारण माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि छाती धडधडत होती. पाणी नव्हतंच. देव्हाऱ्यात महादेवाची पिंड जागेवर होती. खाली तांब्याचं घंगाळ उपडं घातलेलं, राखेनं लख्ख घासलेलं. घरात माणूस मेलेलं असताना कुणी भांडं घासलं, एवढंच माझ्या मनात आलं आणि गेलं.

अमृतरावांनी कागद पुढं केला. कंदिलाच्या उजेडात मला त्यातलं एक अक्षर लागेना. कागद लांब धरला, जवळ धरला, सगळ्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या.

"चाळिशी लागली डॉक्टर तुम्हाला," अमृतराव म्हणाले. "करा सही. तुम्ही बोलला तेच हाय."

मी सही केली. त्या सहीवर शांतम्माला त्याच रात्री चौकीत नेलं.

३

मंगळवारी सकाळी चौकीत गेलो तर आधी तिचा श्वास ऐकू आला, मग ती दिसली. गुडघ्यांवर हात टेकून बसलेली, खांदे वरखाली होत होते. मी इंजेक्शन दिलं आणि छाती जरा सैल व्हायची वाट बघत तिच्यासमोर बसलो.

"कागदावर तुमीच लिवलंय म्हणं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. "माज्या चहातून धोतरा गेला असं."

मी अमृतरावांकडे बघितलं. त्यांनी कागद वाचून दाखवला. सुनेने दिलेल्या चहातून धोतरा पोटात गेला असे माझे मत आहे, असं त्यात होतं आणि खाली माझी सही होती. धोतरा हे मी बोललो होतो. चहा मी बोललो नव्हतो. पण आता ते कोण मानणार?

"शांतम्मा, शेवटचं पान कधी ओढलंस?"

तिनं आठवून बघितलं. "सात-आठ रोज झाले. लागलंच न्हाई. एवढी धूळ उडून राहिली, तरी छाती कशी मोकळी होती. सासूबाई म्हणायच्या, देव पावला तुला." ती दम घ्यायला थांबली. "इथं आले आन् पुन्हा धरलं. कालपासून देवच न्हाई ना इथं."

पुडी टेबलावरच होती. मी ती उघडली. नवी भरलेली पुडी, वरपर्यंत गच्च. त्यातलं पान कुणी काढलेलंच नव्हतं. अमृतरावांना दाखवलं तर ते म्हणाले, "दुसरीकडून आणलं असंल. धोतरा काय, गावभर उगवतो."

"तिला सोडा. नाहीतर निदान इथंच ठेवा, मी दोन वेळा येऊन बघेन."

"अटक आज दाखवलीय, उद्या दुपारी कोर्टात हजर करायचं. तिथून जेलात. जेल लांब, तिथं तुमच्या इंजेक्शनचा हात पोचायचा न्हाई, हे मलाही कळतंय. मी काय करू सांगा?"

जेलात तिला रात्री-अपरात्री कोण सुई टोचणार होतं? ही बाई महिनाभरही टिकणार नाही, हे चौकीत फक्त मला माहीत होतं, आणि तिला तिथं बसवलं होतं माझ्याच सहीनं.

४

दुपारी बसलिंगप्पाला गाठलं. गोळ्यांची डबी त्याच्या ताब्यात असायची, रोजची एक तोच काढून द्यायचा. काका गेले की आडत त्याच्या हातात येणार होती. मी डबी मागितली, त्यानं कुरकुर न करता दिली.

"तुमचा संशय कळतोय डॉक्टर," तो म्हणाला. "मोजा."

मोजल्या. हिशेब बरोबर होता, पण मला मोजायची गरजच नव्हती. त्या गोळ्या जास्त झाल्या तर नाडी मंद होते, चाळीसवर येते, माणसाला ओकाऱ्या होतात आणि सगळं पिवळं दिसतं. गुरुपादप्पांची नाडी उधळलेली होती आणि त्यांना पिवळं काही दिसत नव्हतं, पाऊस दिसत होता. ज्या हृदयाला माझी गोळी रोज आवरून धरत होती, ते कुणीतरी सोडून दिलं होतं. बसलिंगप्पा लोभी असेल, चहाडखोर तर होताच, पण हे काम त्याचं नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसलो. नवीन औषधांची खोकी आली होती. सवयीनं एका बाटलीवरचा कागद वाचायला घेतला. मुंगीएवढी अक्षरं असतात त्यावर. मी तो शेवटपर्यंत वाचला आणि खाली ठेवताना माझा हात थांबला.

काल कंदिलाजवळ मला मोठं अक्षर दिसत नव्हतं. चाळिशी एका रात्रीत येते आणि दुसऱ्या दिवशी निघून जाते काय?

तोंडाची कोरड. छातीतली धडधड. जवळचं न दिसणं. मी ते सगळं उन्हावर, धावपळीवर, दुःखावर घातलं होतं. दुसऱ्या कुणाला ही तीन लक्षणं दिसली असती तर मी पहिल्यांदा डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या असत्या. स्वतःच्या बाहुल्या कोण बघतं?

धोतरा माझ्याही पोटात गेला होता. थोडा, पण गेला होता. शांतम्माच्याही जात होता, सात-आठ दिवस, रोज थोडा थोडा, म्हणून तर तिची छाती पान न ओढता मोकळी राहिली होती. आणि चौकीत गेल्यावर बंद झाला.

शांतम्माचा चहा मी घेतला नव्हता. सोमवारी त्या घरात माझ्या तोंडात एकच गोष्ट गेली होती. निघताना रत्नम्मानं माझ्या उजव्या तळहातावर घातलेली एक पळी तीर्थ.

५

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस ओढ देतो तेव्हा लोक देव पाण्यात घालतात. घंगाळात पाणी भरायचं, त्यात महादेवाची पिंड बुडवून ठेवायची आणि पाऊस पडेपर्यंत काढायची नाही. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो, असा त्यात भाव आहे. देगलूरला आमच्या घरीही असंच करायचे. म्हणून सोमवारी सकाळी घंगाळातली पिंड बघून मला काही वेगळं वाटलं नाही. वर बेल तरंगत होता, धोतऱ्याची पांढरी फुलं होती, काटेरी फळं होती. श्रावणात महादेवाला हे वाहायचंच असतं.

पण एरवी पाणी रोज बदलतात आणि आदल्या दिवशीचं वाहिलेलं काढून टाकतात. यंदा बदलायला पाणी कुठं होतं?

बुधवारी सकाळी मी रत्नम्मासमोर जमिनीवर बसलो. गुरुपादप्पांना आदल्या दिवशी आमच्या लिंगायत रीतीनं समाधी दिली होती. मन्मथ ओसरीवर होता, दाढी वाढलेला.

"अव्वा, देव किती दिवस पाण्यात होता?"

"नऊ दिवस."

"पाणी बदललं होतंस?"

"न्हाई बाळा. रोज एक पळी तीर्थ काढायचं, एक पळी नवं घालायचं. आत हात घालायचा न्हाई, वाहिलेलं काढायचं न्हाई, असा नेम धरला मी."

नऊ दिवस फुलं, फळं त्याच पाण्यात. पिकलेलं फळ पाण्यात फुगून उकलतं, बिया बाहेर पडतात. आधी अगदी फिकं असेल ते पाणी, नवव्या दिवशी चांगला काढा झाला होता.

"पाऊस पडला नाही. मग देव बाहेर कुणी काढला?"

ती पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "त्यांनीच. आला आला म्हणत उठले, देव काढला, उपरण्यानं पुसला आन् देव्हाऱ्यात ठेवला. त्यांना पाऊस दिसत होता ना."

"आणि घंगाळातलं पाणी?"

रत्नम्मा रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी डोळ्यांतून. "दोन तांबे होतं. त्यांचा घसा लई सुकला होता. सकाळपासून पाणी पाणी करत होते आन् कळशीत अर्धं उरलेलं. ते म्हणाले, ते पोरीला ठिव, तिला धाप लागती, उन्हात उभारलीय ती. मग म्या देवाजवळचं एक तांब्या दिलं. त्यानं आणखी सुकला. मग दुसरं दिलं."

सकाळच्या पळीभर तीर्थानंच त्यांचा घसा सुकवला होता. त्यावर तिनं तेच पाणी दिलं. सुनेशी कडाक्यानं भांडणाऱ्या म्हाताऱ्यानं घरातलं चांगलं पाणी तिच्यासाठी ठेवलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

"फौजदाराला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? देवाचं पाणी चोरलं म्हणून? पाऊस पडायच्या आधी देवाच्या तोंडचं काढलं, म्हणून देवानं ह्यांना नेलं. घंगाळ घासून ठिवलं. म्हटलं, कुणाला कळू नये."

इथं थांबता आलं असतं. देवाच्या रागानं नवरा गेला असं मानून ती उरलेली वर्षं काढू शकली असती. पण त्याच दुपारी शांतम्माला गाडीत घालणार होते. मी रत्नम्माला सांगितलं. देवाचा राग नव्हता, धोतरा होता, तू वाहिलेला, आणि तो पाण्यात उतरला होता. एवढं वाक्य उच्चारायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

तिचं रडं थांबलं. "म्हंजी शांतम्माच्या चहात काय नव्हतं?"

"काही नव्हतं."

"मग चल," ती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उठली.

६

अमृतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मन्मथ आईला धरून दाराशी उभा होता. आतल्या कोठडीतून शांतम्माचा श्वास ऐकू येत होता, लांब, शिट्टीसारखा.

"पटतंय मला," अमृतराव म्हणाले. "पण दाखवू काय? पाणी पिऊन झालं, घंगाळ घासून झालं. पोटातलं तपासणीला गेलंय. मागच्या केसच्या बाटल्या शिक्का जुन्या जिल्ह्याचा म्हणून परत आल्या, त्याला चार महिने झाले. आलाच कागद, तरी धोतरा होता एवढंच लिहितील, आणि ते तर आधीच लिहिलंय. चहात नव्हता, तीर्थात होता, हे कोर्ट तुमच्या डोळ्यांवरून मानणार? आधी चहा म्हणून सही केलीत, आता तीर्थ म्हणताय."

"मग तिचं काय?"

"कुणी तरी मी दिलं म्हटलं, तरच ती आज सुटंल. न्हाईतर न्हाई."

ते कुणाला सुचवत नव्हते, आपली अडचण सांगत होते. पण रत्नम्मा दारातून आत आली.

"म्या दिलं," ती म्हणाली. "माज्या हातानं दिलं."

"अव्वा, ते पाणी म्हणून दिलंस," मी म्हणालो.

अमृतरावांनी लेखणी उचलली नव्हती. "बाई, जाणून दिलं का न जाणता? न जाणता म्हणाल तर पुन्हा त्या पाण्याचा पुरावा लागतो, आन् तोवर सून आतच. हे नीट समजून बोला."

रत्नम्मानं आतल्या कोठडीकडं कान दिला. मग ती माझ्याकडं वळली. "चन्नबसप्पा, तीर्थानं माणूस मेला असं म्या गावाला सांगू? उद्यापासून कोण हात पुढं करंल देवापुढं? न्हाई. देवाचं काय चुकलं न्हाई, पोरीचं काय चुकलं न्हाई. धोतरा म्या आणला, म्या घातला, म्या पाजला. जाणून. लिवा साहेब."

"अव्वा, हे खोटं आहे."

"तू गप बस. तू एकदा बोललास तर पोर इथं आली."

मन्मथ म्हणाला, "आई!" आईला अडवावं तर बायको जाते, न अडवावं तर आई. तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

मी माझा वेगळा कागद लिहिला. देव, घंगाळ, नऊ दिवस, माझे डोळे, शांतम्माची छाती, सगळं. अमृतरावांनी तो घेतला, वाचला आणि फायलीत अगदी मागं लावला. "लावलाय," ते म्हणाले. "वाचायचं त्यांच्या हातात."

शांतम्माला बाहेर आणलं. तिला काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं. कोठडीच्या दारातून सासू आत शिरताना दिसली तशी ती थबकली, आणि तिच्या पाया पडायला वाकली, रोज सकाळी तीर्थ घ्यायच्या आधी वाकायची तशी. रत्नम्मानं तिच्या पाठीवर हात फिरवला. "दम आला का गं कमी?" तिनं विचारलं.

अमृतरावांनी जबाब माझ्यापुढं सरकवला. डॉक्टर म्हणून साक्षीला सही हवी होती. मी म्हणालो, मी वाचल्याशिवाय करणार नाही.

खिडकीतून ऊन थेट कागदावर पडलं होतं. मी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचलं. 'मी रत्नम्मा भ्रतार गुरुपादप्पा, माझ्या खुशीने लिहून देते.' शाई कुठं फुटली होती, कुठली वेलांटी चुकली होती, अंगठ्याच्या ठशातली एकेक रेघ मला दिसत होती. डोळ्यांत आता काहीच दोष नव्हता.